चौथ्या टप्प्यावरचा नॉब

घरच्या घरी स्टॅबिलायझर बनवता येतो का, असं मला अजून लोक विचारतात. देवासच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे टीव्ही आला, फ्रिज आला, की संध्याकाळी कुणीतरी चहाच्या निमित्तानं येऊन बसतं. "तुम्ही इलेक्ट्रिकलचे. सांगा ना, जमेल का?" मी म्हणतो, दुकानातून तयार घ्या. "पण तुम्ही तर पूर्वी बनवला होता म्हणे?" हो, पूर्वी. त्यापुढे मी बोलत नाही. बायको आतून एकदा माझ्याकडे बघते आणि कप उचलून नेते.

तिला वाटायचं, मला कंटाळा आहे. कंटाळा होताच. पण त्या कंटाळ्याच्या खाली काय आहे ते मी तिलाही मागच्या हिवाळ्यापर्यंत सांगितलं नव्हतं.

स्टॅबिलायझरचा तो डबा मी बनवला त्याला आता बारा वर्षं होतील. सत्तरचं दशक संपत आलं होतं. खानदेशातून डिप्लोमा करून आलेल्या आमच्यासारख्या मुलांना देवासच्या कारखान्यांनी घेतलं, त्यातला मी एक. मेंटेनन्सला होतो. माझी मोठी बहीण, ताई, त्याआधीच धारला दिलेली. भाऊजींचं घराणं धारमधलं जुनं. पणजोबा दरबारात चित्रं काढायला म्हणून आले, आजोबांनी कुंचला सोडून कॅमेरा घेतला, आणि दरबार गेल्यावर घरात उरला तो फोटो स्टुडिओ. पुढे दुकान, मधे डार्करूम, मागे घर.

स्टुडिओ भाऊजींचा होता. पण फोटो खरे अक्का काढायची, असं म्हटलं तरी चालेल. अक्का म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. ताई तिला 'वन्सं' म्हणे. लग्न झालेलं नव्हतं, का ते त्या घरात कुणी बोलत नसे. भाऊजी कॅमेऱ्याचं बटण दाबत, गिऱ्हाइकाला हसवत, "ठुड्डी थोडी नीचे भिया, बस बस" करत. त्यानंतरचं सगळं अक्काचं. निगेटिव्हवरच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, फेट्यावर पडलेली सावली ती पेन्सिलीच्या सुईसारख्या टोकानं भरून काढी. वडिलांच्या हाताखाली शिकली होती. तिच्या तिरप्या टेबलाला दुधी काच होती, खाली दिवा, आणि त्या दिव्यासमोर ती तासन् तास वाकलेली असे.

डार्करूममधे एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्रावर, प्रिंट काढायचीही तीच. आणि तिथेच अडचण होती. फोटोच्या कागदावर किती सेकंद उजेड पाडायचा हे ठरलेलं असतं. पण दिवा एकसारखा जळला तर ना! धारला हिवाळ्यात आसपासच्या सगळ्या गावांतले पंप गव्हाला पाणी द्यायला सुरू होत, आणि शहरात व्होल्टेज दीडशेवर येई. शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आणखी एक गचका. एकाच निगेटिव्हच्या दहा प्रिंट काढल्या तर दहा छटांच्या निघत.

अक्काच्या हाताखाली मात्र निघत नसत. ती दिव्याकडे एकदा बघे आणि ठरवी, "आज अकरा नाही, सतरा." मग तोंडातल्या तोंडात सतरापर्यंत मोजे. मधेच गिरणी सुरू झाली तर मोजणं लांबवी. एकदा मी गंमत म्हणून कारखान्यातला मीटर घेऊन गेलो. दिव्याकडे बघून तिनं सांगायचं, मी मोजायचं.

"एकशे सत्तर," ती म्हणाली.

एकशे अडुसष्ट होते.

"दोनचा काय फरक, तुझाच मीटर चुकला असेल," ती म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मला आठवतं, कारण पुढे ते फार दिसलं नाही.

भाऊजींना हे मोजणं पटत नसे. ते म्हणत, अक्का आजारी पडली की दुकान बंद. इंदूरला एका मोठ्या स्टुडिओत त्यांनी खोक्यासारखं यंत्र पाहिलं होतं. व्होल्टेज कितीही नाचो, आतून सरळ दोनशेतीस बाहेर येत. जेवताना त्यांनी मला विचारलं, "क्यों इंजीनियर साहेब, हे असलं काही घरच्या घरी होईल का?"

मी इंजिनिअर नव्हतो. ते मला तसं म्हणत, त्यात थोडा टोमणा असे आणि थोडं कौतुक. माझं उत्तर असायला हवं होतं: स्टॅबिलायझर होईल, पण तुम्हाला पाहिजे तसा नाही, इतक्या वर-खाली जाणाऱ्या लाइनीवर छंद म्हणून बनवलेल्या डब्याचा भरवसा नको, तयार घ्या. मला हे तेव्हाही कळत होतं. पण पानावर ताईनं पुरणपोळी वाढली होती, भाऊजी माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, "होईल की. त्यात काय."

अक्का पलीकडून म्हणाली, "आणि माझ्या मोजण्याचं काय?"

"तुम्हाला आता मोजावं लागणार नाही, अक्का."

"बरं," ती म्हणाली. तिनं माझ्या पानावर तूप वाढलं.

देवासला आल्यावर मी कारखान्याच्या लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं मांडलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात सर्किट आलं होतं. त्यात त्याला नुसता स्टॅबिलायझर नव्हे, 'पॉवर कंडिशनर' म्हटलं होतं: व्होल्टेज सांभाळायचं, शिवाय लाइनीतली घाणही गाळायची. म्हणजे शेजारच्या गिरणीचे गचके, रेडिओत खरखर करतात ते. मला तो शब्द फार आवडला. ट्रान्सफॉर्मर मी मोटारींत तांब्याची तार भरणाऱ्या एका कारागिराकडून भरून घेतला, त्याला चार टप्पे काढले. व्होल्टेज जितकं कमी, तितका वरचा टप्पा. कोणता टप्पा घ्यायचा हे एक सर्किट ठरवी आणि रिले, म्हणजे विजेनं आपोआप दाबलं जाणारं बटण, तो खटकन बदले. आणि त्याच्यावर दुसरा एक रिले होता: बाहेर जाणारं व्होल्टेज हद्दीपलीकडे गेलं की सगळंच तोडून टाकणारा. पहिला नोकर, दुसरा पहारेकरी, असं मी अक्काला समजावलं होतं. समोरच्या पत्र्यावर एक नॉब बसवला, त्यावर एक ते चार आकडे आणि 'ऑटो'. कधी सर्किट बिघडलं तर हातानं टप्पा लावता यावा म्हणून. मात्र हातानं लावला की पहारेकरीही बाजूला पडे.

चाचणी मी कारखान्यात घेतली. तिथे डिमरस्टॅट होता, हातानं फिरवलं की व्होल्टेज कमी-जास्त करणारा. मी तो एकशे चाळीसपासून अडीचशेपर्यंत फिरवला. डबा खटखट करत टप्पे बदलत गेला, बाहेर दोनशेतीसच्या आसपास काटा. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी डिमरस्टॅट सावकाश फिरवत होतो. धारच्या गावांतले पंप सावकाश बंद होत नाहीत. खेड्यांची थ्री-फेज, म्हणजे पंपांची वीज, दुपारी ठरल्या वेळी जाते, शेकडो पंप एका क्षणी थांबतात आणि शहरातलं व्होल्टेज दीडशेवरून उडी मारून दोनशेचाळीसवर जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी धारला कितीतरी दुपारी होतो, दिवा एकदम लख्ख झालेला पाहिलेला होता. पण पाहिलेली गोष्ट आणि टेबलावरची चाचणी यांची सांगड मी घातली नाही. देवासला बसून देवासच्या विजेवर मी धारचा डबा तपासला.

डिसेंबरात डबा धारला बसला. पहिले दोन दिवस घरात सण असल्यासारखं होतं. दहा प्रिंट काढल्या, दहाही सारख्या. भाऊजी त्या ओळीनं मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. "हमारे साले साहब का काम है, भिया."

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "याचा तो पहारेकरी फार भित्रा आहे रे." दुपारी प्रिंट मधेच असताना रिले तडतडून तोडत होता, परत जोडत होता, कागद वाया जात होता. मी बघितलं. टप्पा बदलायला लागणाऱ्या क्षणभरात व्होल्टेज हद्दीबाहेर जाई आणि पहारेकरी आपलं काम करी. तो भित्रा नव्हता, बरोबर होता. पण मला संध्याकाळची बस पकडायची होती. मी काय केलं ते नीट लिहितो. टप्पे बदलताना दिवा लुकलुकू नये म्हणून पहिल्या सर्किटात एक कंडेन्सर घालून ते सावकाश केलं. आणि पहारेकऱ्याच्या दोन टोकांवर तारेचा एक तुकडा जोडून टाकला. म्हणजे पहारेकरी डब्यात होता, पण दार उघडं होतं.

"पुढच्या रविवारी येऊन पक्कं करतो," मी भाऊजींना म्हणालो. "तोवर नॉब ऑटोवरच राहू द्या. कुणी हात लावू नका."

तारेबद्दल बोललो नाही. आठवड्याचा तर प्रश्न होता.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. इतकी वर्षं त्या रविवारला मी कारण शोधतोय. ओव्हरटाइम नव्हता, ताप नव्हता, पाहुणे नव्हते. सकाळी थंडी होती, रजईतून उठवेना. आधी इंदूर, मग धार, दोन बस. दहा वाजले, मग म्हटलं आता काय जायचं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

त्यानंतरच्या बुधवारी ताईचं पोस्टकार्ड आलं. 'डब्याने घात झाला. दिवा फुटला, एन्लार्जरचं भिंग तडकलं, गिऱ्हाइकाची काच फुटली. लगेच ये. वन्संच्या हाताला भाजलं आहे, फार नाही.'

ती काच धारजवळच्या अमझेऱ्याच्या एका शेतकऱ्याची होती. जुन्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर काढत, तशी एक प्लेट. भाऊजींच्या आजोबांनीच काढलेली. त्या माणसाच्या वडिलांचा एवढाच एक फोटो होता, घरातला छापलेला कागद वाळवीनं खाल्लेला. तो प्लेट धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आला होता, मोठा फोटो करून भिंतीवर लावायला. भाऊजी लग्नाचे फोटो काढायला बाहेर गेलेले. अक्का एकटी डार्करूममधे. दुपारी नेमका एन्लार्जरचा दिवा चालू असताना पंप बंद झाले, व्होल्टेज उडालं, माझा डबा चौथ्या टप्प्यावर काही सेकंद तसाच बसून राहिला. दिव्याला साडेतीनशेच्या आसपास मिळाले असतील. तो बॉम्बसारखा फुटला. तापलेली काच खालच्या भिंगावर पडली, भिंग तडकलं, त्याचा तुकडा प्लेटवर. प्लेट वरून खाली चिरली, मधोमध चेहऱ्यातून.

मी पोचलो तेव्हा भाऊजी दुकानात बसलेले. नेहमीसारखं 'इंजीनियर साहेब' म्हणाले नाहीत. "बघा," म्हणाले. मी डार्करूममधे जाऊन डबा उघडला. तारेचा तुकडा जिथल्या तिथे होता. मी पक्कड घेतली, तो कापला, खिशात टाकला. मग बाहेर येऊन म्हणालो, "नॉब कुणीतरी फिरवलाय. चौथ्या टप्प्यावर आहे."

कुणाचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. भाऊजींनी अक्काकडे बघितलं, ताईनं बघितलं.

अक्काच्या उजव्या हाताला पट्टी होती. ती म्हणाली, "मी तर हातच नाही लावला."

"अगं, अंधारात लागला असेल," भाऊजी म्हणाले. "चुकून."

"चुकून पण नाही. मला कळत नाही का? मी अंधारात वीस वर्षं काम करते."

"मग काय आपोआप फिरला?" भाऊजींचा आवाज चढला. "इंजीनियर खोटं बोलतोय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा हात खिशात होता, तारेच्या तुकड्यावर. 

चार दिवसांनी अमझेऱ्याचा माणूस आला. मी तेव्हा धारला नव्हतो, ताईनं सांगितलं. अक्का म्हणत होती, प्लेट मला द्या, मी भरून काढते. भाऊजी म्हणाले, आता पुरे, हात लावू नकोस. त्यांनी कुणाचा तरी एन्लार्जर मागून आणून चिरलेल्या प्लेटची तशीच प्रिंट काढली आणि गिऱ्हाइकापुढे ठेवली. सांगितलं की घरातल्या बाईच्या हातून चूक झाली. त्या माणसानं फोटो हातात घेतला, बापाच्या तोंडावरची ती रेघ बघितली आणि परत ठेवला. "टूटी मूरत घर में नी रखां, भिया," म्हणाला. "थें ज इके नरबदाजी में सिराई दीजो." काच आणि फोटो दोन्ही टेबलावर ठेवून, धोतराचा रिकामा तुकडा घडी करून घेऊन गेला.

प्लेट नर्मदेत सोडायला कुणी गेलं नाही. ती डार्करूमच्या कपाटात पडली.

आणि अक्का डार्करूममधे जाईनाशी झाली. भाऊजींनी 'जाऊ नकोस' असं कधी म्हटलं नसावं. त्यांनी एक माणूस ठेवला. तो अक्काला 'ताईजी, आप रहने दो' म्हणे. हळूहळू निगेटिव्हवरची पेन्सिलीची, रिटचिंगची कामंही तोच इंदूरहून करून आणू लागला. मी दिवाळीला, राखीला जाई तेव्हा अक्का मागच्या ओसरीवर गहू निवडत बसलेली असे. मला विचारी, "बरा आहेस?" मी म्हणे, "बरा आहे." दिवाणखान्यातला दिवा लावायचा झाला तरी ती भाच्यांना हाक मारी. ताईनं एकदा कुजबुजत सांगितलं, "वन्सं कुठल्याच बटणाला हात लावत नाहीत रे आता. ह्यांनी एकदा सगळ्यांदेखत थट्टा केली, 'अक्का, सांभाळ, गाव उडवशील.' तेव्हापासून." ताई हसत होती. मीही हसलो असेन.

इथपर्यंत लिहिलं आणि दोन दिवस वही मिटून ठेवली. कारण वर एका जागी मी पुन्हा तेच केलंय. लिहिलंय की मी तार कापली, मग बाहेर येऊन म्हणालो, नॉब चौथ्या टप्प्यावर आहे. वाचणाऱ्याला वाटेल की तो होता. तो नव्हता. नॉब ऑटोवर होता, मी सांगितलं होतं तसाच. तो मी फिरवला. तार कापली, खिशात टाकली, मग तीन बोटांनी नॉब धरून चौथ्या आकड्यावर आणला, आणि मग बाहेर आलो. तार लपवणं घाबरून झालं असं म्हणता येईल. नॉब फिरवायला मात्र विचार करावा लागतो. मी तो केला होता.

हे मी मागच्या हिवाळ्यापर्यंत कुणालाच सांगितलं नाही. मग एका गुरुवारी सुट्टी काढली आणि धारला गेलो. असं काही विशेष घडलं नव्हतं. आमच्या शेजाऱ्यानं माझ्या नाही म्हणण्याला न जुमानता त्याच मासिकातून सर्किट उतरवून घरी डबा बनवायला घेतला होता, आणि मला दाखवायला आणला. मी नॉबला हात लावला नाही. रात्रभर अंग दुखल्यासारखं झालं. सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा." तिनं जेवणाचा डबा भरून दिला.

अक्का ओसरीवर होती. साठीला आलेली, चष्मा जाड. ताई देवळात गेली होती. मी बूट न काढताच पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. तार, रविवार, खिसा, नॉब. बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बारा वर्षं ते फार मोठं वाटत होतं.

अक्कानं सूप खाली ठेवलं.

"मी हात लावला नाही हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "मला कशाला सांगतोस? त्याला सांग. तिथे, दुकानात. जिथे तेव्हा बोललास तिथे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. भाऊजी आता पासपोर्ट फोटो रंगीत काढतात, रोल इंदूरला जातो. डार्करूममधे गव्हाची कोठी आहे. मी म्हणालो, "भाऊजी, तो डबा. नॉब अक्कानं फिरवला नव्हता. मी फिरवला होता."

"कोणता डबा?"

मी पुन्हा सांगितलं. गिऱ्हाइकं ऐकत होती. भाऊजींना आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर ते हसले. "अरे बाप रे, तो! तुम भी यार, साले साहब, क्या गड़े मुर्दे उखाड़ते हो. होता है. जाऊ दे."

"जाऊ दे नाही," मागून आवाज आला. अक्का पडद्याशी उभी होती. ती बारा वर्षांत दुकानात आली नव्हती, हे मला मागाहून ताईनं सांगितलं. "तुला आठवत नाही ते बरंय. मला रोज आठवत होतं. मीच विचार करायची, की खरंच अंधारात लागला असेल का माझा हात. मला ठाऊक होतं नाही लागला, तरी. माझ्याच हातावरचा माझा विश्वास उठत चालला होता." मग माझ्याकडे वळून, "ती प्लेट कुठे आहे?"

भाऊजी आता हसत नव्हते. ते स्वतः उठले, कोठीमागचं कपाट उघडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती काच आणून तिच्या हातात दिली. देताना दोन्ही हातांनी दिली.

अक्कानं ती दाराच्या उजेडात धरली. चष्मा वर केला, खाली केला, काच डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. चिरेवरून अंगठा फिरवला, भुवईपासून हनुवटीपर्यंत.

"एवढंच?" ती म्हणाली. "हे तर दोन दिवसांचं काम होतं."

गिऱ्हाइकांपैकी एक हळूच बाहेर जाऊन उभा राहिला.

"त्या अमझेऱ्यावाल्याला काय सांगितलंत? बाईच्या हातून फुटली," अक्का म्हणाली. "त्यालाही सांगायला पाहिजे."

"रविवारी जातो," मी म्हणालो.

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"मग आज जा. दीडची बस आहे."

मी प्लेटसाठी हात पुढे केला. तिनं ती मागे घेतली. "ही इथेच राहू दे. बघते काय जमतं ते. तू नुसतं तोंड घेऊन जा."

अमझेऱ्याला घर सापडायला वेळ लागला नाही. भाऊजींच्या जुन्या वहीत पत्ता होता. माणूस म्हातारा झाला होता, अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होता. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. मी उभ्यानंच सांगितलं. धारचा स्टुडिओ, तुमच्या वडिलांची काच, ती त्या बाईच्या हातून फुटली नव्हती, माझ्यामुळे फुटली. त्यानं दोरी वळणं थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "वा बाई अबे हे?"

"आहे अजून. बसली आहे काच घेऊन."

त्यानं वळलेली दोरी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तो उनखे म्हारो राम-राम कीजो." मला पाणी दिलं. मग पुन्हा दोरी हातात घेतली.

मी तिथूनच देवासला जाऊ शकलो असतो. पोस्टकार्डावर राम-राम कळवता आला असता. उलटी बस धरून पुन्हा धारला आलो. दिवेलागण झाली होती. माळ्यावरून उतरवलेलं ते तिरपं टेबल ओसरीवर मांडलेलं होतं, पुसलेलं, दुधी काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला. अक्का त्याच्यावर वाकलेली, हातात भिंग. खालचा दिवा तिनं लावला होता. आसपास भाचरं कुणी नव्हती, म्हणजे तिनंच.

मी निरोप सांगितला. तिनं मान हलवली.

"नजर गेली रे माझी," ती म्हणाली. "रेघ दिसते, तिचा काठ दिसत नाही. भुवई कुठे संपते ते सांग."

मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगू लागलो. इथे थोडं वर, आता खाली, इथे थांबा. मधेच दिवा पिवळा पडला. गावांतले पंप सुरू झाले असणार. पूर्वी तिनं आकडा सांगितला असता. आता तिनं पेन्सिल उचलून धरली आणि तशीच थांबली, उजेड परत येईपर्यंत. मीही थांबलो.